सोळाशे मीटर आणि एक कांबळं

खंडाळा तालुक्यात पहाटे पाच वाजता रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं दिसतात. एक, शिरवळच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेली. ती कंपनीच्या बसमध्ये काचेला डोकं टेकून झोपलेली असतात. दुसरी भरतीवाली; ती पळत असतात. गतिरोधकांच्या कृपेनं बस आणि पोरं बराच वेळ बरोबरीनं चालतात. बसमधला एखादा जागा असलाच तर खिडकीतून ओरडतो, ‘‘हात हलव की लेका!’’ चार वर्षांपूर्वी तोही याच रस्त्यावर पळत असायचा.

आमच्याकडे ‘भरती करणे’ हा पूर्णवेळ व्यवसाय आहे. ‘‘मुलगा काय करतो?’’ ‘‘भरती करतोय.’’ विचारणाऱ्याचं समाधान होतं, पुढचा प्रश्न येत नाही. लोणंदच्या बाजारातला कांद्याचा भाव आणि पोराचा सोळाशे मीटरचा टाइम, या दोन आकड्यांवर घरातली हवा ठरते. कांदा आपल्या हातात नसतो, म्हणून सगळा जोर पोरावर. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पैकीच्या पैकी ६० गुण. दहा पुलअप्स मारले तर ४०. शिवाय नऊ फुटांचा खंदक एका उडीत पार करायचा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सावरत चालायचं. २०२३ पासून या सगळ्याच्या आधी संगणकावरची लेखी परीक्षा. आमच्या आळीतल्या एका आजींना स्वतःचं वय सांगता येत नाही, पण ‘‘पाच-बत्तीसला अठ्ठेचाळीसच मिळत्यात, दोन सेकंदानं बारा मार्क गेलं पोराचं’’ हे त्या दळण टाकायला आलेल्या कुणालाही सांगतात.

जिल्हाच तसा. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यातच. कुठल्याही गावात पारावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांपैकी एकजण तरी लेह, तेजपूर, भूज ही नावं अशी घेतो, की जणू ती त्याच्या वावराच्या बांधाला लागून आहेत. बर्फात बोटं कशी काळी पडतात, ट्रकच्या बॉनेटवर चहा कसा गरम करतात, एकाहत्तर साली रात्री नदी कशी ओलांडली, हे ऐकत इथली पिढ्यान्‌पिढ्या मुलं मोठी झाली. पण रंगरूट म्हणून पहिले चार आठवडे नेमकं काय करावं लागतं, याबद्दल या अख्ख्या शूर जिल्ह्यात कमालीची चुप्पी आहे.

आमच्या घरी ही चुप्पी यंदा फुटली. भावाचा मुलगा लागला. अग्निवीर म्हणून. मराठी पोराला जायला जागा बऱ्याच: बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्री, खडकीला बॉम्बे सॅपर्स, नाशिकरोडला तोफखाना, थेट सागरला महार रेजिमेंट. आमचा कुठल्या केंद्रात आहे ते मी लिहिणार नाही. त्याच्या उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, मराठी वाचता येतं आणि त्याचं ट्रेनिंग अजून बरंच बाकी आहे.

गावातून निघताना त्याच्या गळ्यात इतके हार होते की जीपच्या दारातून तो आडवा शिरला. हलगी होती. सरपंचांचं भाषण झालं. त्यात सीमा, शत्रू आणि मातीचं ऋण आलं. झाडूचा उल्लेख त्यात नव्हता.

पहिल्या दिवशी मोबाइल जमा झाला आणि लगेच केस. डोक्याच्या दोन्ही बाजू साफ आणि मधे कोंबड्याचा तुरा, अशी त्याची दोन वर्षं जपलेली रचना होती. भरतीच्या रॅलीच्या वेळीसुद्धा त्यातलं थोडं त्यानं टोपीखाली वाचवलं होतं. केंद्रातल्या न्हाव्यानं आदबीनं विचारलं, ‘‘कशी ठेवू?’’ याला गहिवरून आलं. हा सविस्तर सांगू लागला, मधे तुरा, मागं थोडी उतरती. सांगून होईपर्यंत डोकं झालं होतं. न्हावी हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो म्हणे. त्याच्या दिवसात तेवढीच एक करमणूक.

एकसारख्या डोक्यांच्या त्या बराकीत माणूस ओळखायचा तो गावावरून. याचं गाव खंडाळा तालुक्यात. १९९८ साली ‘गुलाम’ चित्रपटात आमिर खाननं खंडाळ्याचं एक गाणं म्हटलं, तेव्हा हा जन्मलाही नव्हता. पण त्या गाण्याची किंमत याला चुकवावी लागली. बिहारच्या एका सुभेदारसाहेबांनी ‘‘कहाँ से?’’ विचारलं, यानं ‘‘खंडाला, साब’’ म्हटलं आणि साहेबांचा चेहरा उजळला. यानं खुलासा केला, की साहेब, ते लोणावळ्याजवळचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, आमच्याकडे धबधबा नाही, खंबाटकीचा घाट आहे, त्यात ट्रक बंद पडतात. एवढ्या लांब वाक्याबद्दल दहा पुशअप मिळाले. तेव्हापासून अख्खी प्लाटून त्याला ‘लोणावळा’ म्हणते.

आता कांबळ्याकडे येतो.

प्रत्येकाला एक काळी पत्र्याची ट्रंक, मच्छरदाणी, थाळी, मग, बूट, पट्टे आणि कांबळी मिळतात. सोळाशे मीटर पाच मिनिटं अठरा सेकंदांत मारणारा हा गडी त्या कांबळ्यापुढे पहिल्याच सकाळी हरला. त्याची घडी अशी हवी, की चारी कडा एका रेषेत. वरून बघितलं तरी पुस्तक, बाजूनं बघितलं तरी पुस्तक. शेजारच्या कांबळ्याशी तिची उंची जुळली पाहिजे, त्याची त्याच्या शेजारच्याशी, आणि बराकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरली तर ती सगळ्यांना सारखी टेकली पाहिजे. दोरी खरंच धरतात. कांबळं हा मुळात फुगीर स्वभावाचा जिन्नस. रात्रभर अंगावर घेतल्यावर सकाळी त्यानं पुस्तक व्हावं ही अपेक्षा त्याच्याही आवाक्याबाहेरची. म्हणून पोरांनी तिसऱ्या दिवशी शोध लावला, की घडीच्या आत पुठ्ठा घालायचा. पाचव्या दिवशी त्याहून मोठा शोध लागला: बिछाना मोडूच नये. एकदा मनासारखा जमला की तो तसाच ठेवायचा आणि आपण पलंगाखाली फरशीवर पसरायचं. सरकारनं पलंग दिला आहे तो कांबळ्याला झोपण्यासाठी.

दोन्ही शोध उस्तादांना ठाऊक होते. तेही कधी काळी फरशीवर झोपलेले. आठवडाभर त्यांनी पोरांना स्वतःच्या हुशारीवर खूश होऊ दिलं आणि मग एका सकाळी सगळे पुठ्ठे गोळा करून मैदानाच्या मधोमध त्यांचा ढीग घातला. प्रत्येकानं त्यातून आपापला ओळखून काढायचा होता.

हे सगळं आम्हाला रविवारी कळायचं. रविवारी मोबाइल थोडा वेळ हातात मिळतो. आमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून मधे पाटावर ठेवला जाई आणि भोवती घर बसे. पहिल्या रविवारी कांबळ्याचं ऐकून वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. अठरा वर्षं त्यांनी या मुलाच्या मागं गोधडी गोळा केली होती. टॉवेल वाळत टाक म्हणून सांगितलं तर तो मोटरसायकलवर टाकून हा तीवरून लोणंदला जाऊन यायचा. ‘‘मी सांगत होते तेव्हा कानात काय बोळे होते का रे?’’ असं म्हणून त्या उठल्या. मग परत येऊन हळूच विचारलं, ‘‘ते उस्ताद म्हणजे ओरडतात, का मारतात, का कसं करतात?’’ काळजी होतीच. पण घरातल्या धाकट्या मुलासाठी ती कृतीही हवी होती.

कवायतीचं प्रकरण तर त्याहून नाजूक. माणूस चालताना डावा पाय टाकतो तेव्हा उजवा हात आपोआप पुढं जातो. हे कुणी शिकवत नाही, लहान मूलही करतं. पण ‘‘तेज चल!’’ असं कुणी करड्या आवाजात म्हटलं की दर प्लाटूनमधल्या दोघा-तिघांचा डावा हात डाव्या पायाबरोबर आणि उजवा उजव्याबरोबर निघतो. त्यांना थांबवा, समजावून सांगा, पुन्हा चालवा, पुन्हा तसाच. मैदानाबाहेर स्वयंपाकघराकडे निघाली की हीच मुलं अगदी ठीक चालतात. आमचा त्या दोघा-तिघांत होता. ‘‘तात्या, मी विचार केला ना की बिघडतं,’’ तो म्हणाला. ‘‘मग करू नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘उस्ताद पण तेच सांगत्यात. पण विचार करायचा नाही हे ध्यानात ठेवलं, की परत तेच होतंय.’’ उपनिषदांत या अडचणीवर काही तोडगा आहे का ते बघायला हवं.

आणि हे कुणाचं होतंय? ज्याच्या गावावरून दरसाल माउलींची पालखी जाते त्याचं. नीरा नदीत पादुकांना स्नान, लोणंदचा मुक्काम, पुढं तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. लाखाच्या गर्दीत चोपदाराचा हात वर गेला की टाळ थांबतात, दुतर्फा रांगा लागतात, मधून घोडा दौडतो; ‘‘सामने देख’’ कुणी म्हणत नाही. हा पोरगा लहानपणापासून त्या रांगेत उभा राहिलेला. मैदानावर तीन रांगांत मात्र याचा खांदा नेहमी चार बोटं पुढं. मी ही शंका त्याला विचारली. तो म्हणाला, ‘‘तिथं चोपदार माझ्याकडं बघत नाही ना, तात्या.’’

भाषेचा घोळ वेगळाच. उस्ताद चंदगडचे, म्हणजे आमच्यापेक्षा गोड मराठी. रात्री बराकीत चक्कर मारताना ‘‘काय रे, घरची आठवण येते काय?’’ असं विचारतात. पण मैदानात पाऊल ठेवलं की त्यांना मराठीचं एक अक्षर समजत नाही. धावताना पुतण्याची पोटरी धरली. तो थांबून म्हणाला, ‘‘उस्ताद, पैर में गोळा आया.’’ उस्तादांनी सावकाश आकाशाकडे पाहिलं, चारी दिशांना पाहिलं. ‘‘गोला आया? किधर से आया? लेट जाओ सब!’’ अख्खी प्लाटून जमिनीवर. मग दुश्मनाच्या त्या गोळ्यापासून बचाव करत सगळे कोपरांवर सरपटत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. चंदगडच्या माणसाला पोटरीत गोळा येणं म्हणजे काय हे कळत नाही, असं होईल का? पण तेव्हापासून प्लाटूनमध्ये कुणाच्याच पायात काही येत नाही.

यालाच रगडा म्हणतात. त्याची खुबी अशी, की चूक एकाची आणि घाम सगळ्यांचा. कधी कधी तर चुकलेल्याला सावलीत उभं करतात आणि बाकीच्यांना कोलांट्या मारायला लावतात. त्या सावलीइतकी गरम जागा दुसरी नाही, असं पुतण्या सांगतो. रात्री उस्ताद निघून गेल्यावर उरलेलं शिक्षण सोबतीच देतात, आणि ते जास्त टिकतं.

वेळेचंही एक शास्त्र आहे. पाचला फॉल-इन असेल तर साहेब पाच म्हणतात, उस्ताद पावणेपाच सांगतात, सेक्शनमधला मॉनिटर साडेचार, आणि पोरं आपापसात सव्वाचार ठरवतात. सव्वाचारला पूर्ण पोशाखात उभं राहून पाचची वाट बघायची. एवढी घाई करून एवढी वाट बघण्याची सोय दुसरीकडे फक्त सरकारी दवाखान्यात आहे. जेवायला मात्र वेळ पुरत नाही. घरी हा भाकरी मोबाइलला टेकवून तासभर खायचा. आता रांगेतून थाळी भरून बसेपर्यंत उठायचा पुकारा होतो. डाळ पिता येते आणि भात जवळजवळ पिता येतो, हे त्याचं नवं ज्ञान. वजन दोन किलो उतरलं आणि भूक दुप्पट झाली. मिळेल ते खातो, दोडकाही. दोडका खातो हे ऐकून वहिनींना पहिल्यांदाच रडू आलं.

इकडे गावाला एकाच गोष्टीत रस होता. दर रविवारी फोन लागला की भाऊ पहिला प्रश्न टाकायचा, ‘‘बंदूक दिली का?’’

पहिल्या रविवारी उत्तर आलं, झाडू दिला. दुसऱ्या रविवारी खुरपं. मैदानाच्या कडेचं गवत काढायचं होतं. भाऊ गप्प झाला. ज्या खुरप्यातून पोरगा सुटावा म्हणून भरतीच्या अकॅडमीची फी भरली, ते खुरपं सरकारनं त्याच्या हातात परत दिलं होतं. तिसऱ्या रविवारी ब्रश: वाटेच्या दुतर्फा मांडलेल्या दगडांना गेरू आणि चुना लावायचा, आलटूनपालटून, एक तांबडा, एक पांढरा. गावात कुणी विचारलं तर भाऊ सांगायचा, ‘‘चालू हाय, वेगवेगळ्या हत्यारांचं चालू हाय.’’

पारावर या काळात चर्चा जोरात. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हापासून पाराला गणिताची गोडी लागली आहे. चार वर्षं नोकरी, शंभरातले पंचवीस पुढं कायम, बाकीचे पंचाहत्तर साधारण बारा लाखांच्या आतबाहेरचा सेवानिधी घेऊन घरी. पूर्वी मुलगा फौजेत लागला की मुलीचे बाप घर शोधत येत. आता येतात, चहा घेतात आणि विचारतात, ‘‘पंचविसात बसंल का?’’ आता ज्याचा डावा हात डाव्या पायाबरोबर जातो, त्याच्याबद्दल चार वर्षांनंतरचं कुणी काय सांगावं?

शेवटी मी आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांना गाठलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. टोपीवरच्या हिरव्या-लाल तुऱ्याची गोष्ट काढली की अजून ताठ बसतात. रेजिमेंटचा इतिहास त्यांना मुखोद्गत. १७६८ साली पहिली पलटण उभी राहिली इथून सुरुवात करून ते इटलीत येतात: १० जुलै १९४४, नाईक यशवंत घाडगे, एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेतलं, व्हिक्टोरिया क्रॉस, मग एप्रिल १९४५, सेनियो नदी, शिपाई नामदेव जाधव, दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस. मी लहानपणापासून हे त्यांच्याकडून ऐकत आलोय. मी म्हटलं, ‘‘सुभेदार, इटली तुम्ही शंभरदा सांगितली. कांबळ्याचं एकदाही बोलला नाहीत.’’

ते मिशीत हसले. ‘‘सांगितलं असतं तर गावातनं भरतीला उभं कोण राहिलं असतं?’’

आतून काकूंचा आवाज आला. ‘‘त्यांस्नी काय इचारताय, मला इचारा. लगीन होऊन पंचेचाळीस वर्सं झाली, यांचं हातरूण मी कधी उचललं न्हाई. उचललं तर मोडत्यात आन्‌ परत घालत्यात.’’ मी आत डोकावून पाहिलं. कॉटच्या पायथ्याशी वाकळ होती. वाकळच, पाच लुगड्यांची, जागोजागी ठिगळं. पण चारी कडा एका रेषेत. बाजूनं बघितलं तर पुस्तक. काकूंनी तिच्यावर हरभऱ्याचं सूप ठेवलं होतं, ते सुभेदारांनी उठून खाली ठेवलं.

त्यानंतरच्या रविवारी फोनवर आवाज वेगळा होता. भावानं नेहमीचा प्रश्न विचारला आणि पलीकडून आलं, ‘‘मिळाली.’’

घरात एकच कल्लोळ. धाकटा शेजारी सांगायला पळाला. भावानं फोन पाटावरून उचलून कानाला लावला, मग लक्षात आलं की आपल्यालाच ऐकू येतंय, म्हणून परत ठेवला. ‘‘मंग? चालवलीस का?’’

‘‘न्हाई, पप्पा. पुसली.’’

‘‘पुसली म्हंजी?’’

मग त्यानं समजावून सांगितलं. आधी नुसतं खोलायचं आणि जोडायचं, डोळे मिटून जमेपर्यंत. खोलली की पुसायची. नळीत घालायला एक दोरी असते, तिला फुलत्रू म्हणतात. दोरीच्या टोकाला चिंदी बांधायची, तेलाचं बोट लावायचं आणि आरपार ओढायची. मग उस्ताद नळीतून उजेडाकडे बघतात. मग म्हणतात, परत. सकाळपासून तेच चाललं होतं. गोळी अजून कुणी बघितली नव्हती, आणि उस्तादांना मनासारखी चिंदी कुणाचीच वाटत नव्हती; एकाची जाड, एकाची दोरे सुटणारी.

एवढा वेळ भिंतीला टेकून बसलेली आमची आई इथं पुढं सरकली. फोनशी ती सहसा बोलत नाही. पण हा विषय तिचा होता.

‘‘आरं, माजं जुनं इरकली लुगडं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘धुवून धुवून लोण्यावानी झालंय. पाठवू का? समद्या पोरास्नी पुरंल.’’